तुपातली फतीर

आमच्या मिन्या शहरात ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास चालू होता, दूध-तूपसुद्धा वर्ज्य. इरिनीला आणि तिच्या क्रुसाला तीन वर्षं गच्चीवरून शिव्या घालणारी शेजारीण रतीबा नेमकी तेव्हाच दारात आली. हातात तूप निथळणारी फतीर, पदर सुटलेली जाड पोळी. उपास तिच्या गावीही नव्हता.

"माझा नवरा गेला तेव्हा जेवण तुझ्याच घरून आलं. आता हे खा. नाहीतर समजेन, मनात धरलंस."

इरिनीनं तिला आत बसवलं आणि घास तोंडात घातला.

सून कानाशी लागली, "आई, उपास!"

"उपास दरवर्षी येतो गं. ही आज आलीय."

रविवारी तिनं पाद्रीबाबांपुढे पाप कबूल केलं.

"अगं, शेजारणीसाठी खाल्लास तो घास, त्यात कसलं पाप?" ते म्हणाले.

"तो तिच्यासाठीच होता, अबूना. पण ती गेल्यावर उरलेली सगळी मीच खाल्ली."