आबांचा डबा

दुपारच्या सामसुमीत खुंटीवरचा डबा धपकन खाली पडला. तेलाचा, पाच लिटरचा, प्लॅस्टिकचा. पाठीवर बांधायला त्याला सायकलच्या ट्यूबचा रुंद पट्टा होता.

“मीच काढला,” प्रतीक्षा म्हणाली. “आई, आज जायचं ना पोहायला?”

यशोधरा हसली. ती सुट्टीला माहेरी आली होती ती याचसाठी. लेकीएवढी असताना हाच डबा बांधून ती येडगावच्या धरणात उतरली होती.

पुढे ती पोहण्यात राज्यात पहिली आली, लागोपाठ काही वर्षं. मेडलं ट्रंकेत गेली, भिंतीवर डबा राहिला. प्रत्येक सत्काराला ती एकच सांगे, “मी नुसते हात मारले. वर धरलं ते आबांच्या डब्याने.”

टाळ्या पडत. मागच्या रांगेत आबा मान खाली घालून बसलेले असत.

आबा म्हणजे तिचे वडील, भागुजी. आळेफाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. भोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. ट्यूब सोडाच, शेजारणींच्या बादल्या नि पोरांचे फुटबॉलही बुजवून देत. गेल्या वर्षी ते गेले.

“आजी, तू पण चल की!”

“मी न्हाई बाई,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “तुझ्या आईच्या टायमाला काठावर बसून माझा जीव निम्मा व्हायचा. आन तुझा आबा बगळ्यावानी गुडघाभर पाण्यात हुभा! डब्याला मला हात लावू देईल तर शपथ.”

“गाठ बिघडते म्हणायचे,” यशोधरा म्हणाली.

ते खरंच होतं. डबा तेच बांधत. ती नीट हात मारू लागली तेव्हापासून, ती परत आली की तो पाण्यातच सोडून घेत आणि बाभळीमागे निघून जात. तिचे केस पुसून होईपर्यंत डबा घेऊन परत येत.

धरणावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून यशोधराने लेकीच्या पाठीवर पट्टा आवळला.

“घाबरायचं नाही. डबा धरतो.”

“नक्की?”

“मला नव्हतं का धरलं?”

तिने हात सोडले. प्रतीक्षा पाय झाडत पुढे गेली, खिदळली. डब्याभोवती बुडबुडे आले. मग हनुवटी पाण्यात गेली, मग नाक, मग केसही दिसेनात.

यशोधराने झेप घेऊन तिला उचललं. पोर खोकली, रडली, गळ्याला घट्ट बिलगली.

काठावर आल्यावर डबा दगडासारखा जड लागला. यशोधराने पट्टा सरकवला. पट्ट्याखाली भोकांची ओळ होती. तापल्या दाभणाने पाडलेली, सारख्या अंतरावर, कडा गुळगुळीत. आबांच्या हातचं काम तिला कुठेही ओळखू आलं असतं.

भोकांतून पाण्याच्या बारीक धारा लागल्या. प्रतीक्षाचं रडू थांबलं. ती धारांकडे बघत राहिली.

“आई, मग तुला कोणी धरलं होतं?”