खडखड

आवडी गावातल्या बांधकामाच्या साइटवर ऑपरेटर रंगाने ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जुन्या मिक्सरमध्ये खडी, वाळू, सिमेंट, पाणी ओतलं, तोच जन्मात घमेलं न उचललेले उमाकांत साहेब भाषणाला उभे राहिले.

"ती खडखड बंद कर!"

"सार, आत माल आहे. थांबवलं तर दगड होईल."

"मला शिकवतोस?"

'बोला, सार, बोला,' असं मनात म्हणत रंगाने ट्रॅक्टर बंद केला. यंत्रामुळे मजूर कसे कमी लागतात, हे साहेबांनी उन्हातल्या मजुरांना दोन तास समजावलं. स्वतः सावलीत, इळनीर, म्हणजे शहाळ्याचं पाणी, पीत.

दुसऱ्या दिवशी आठ मजूर छिन्नी-हातोडा घेऊन मिक्सरचा ड्रम मोकळा करत होते. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.


"यंत्र दिलंय ना? मग एवढी माणसं कशाला?"