मोकळा पंखा

भट्टीला हवा देणारा मोठा पंखा सकाळपासून सुरूच होईना. बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची आणि रिले टक् करून तिची वीज तोडायचा. मोटर जळू नये म्हणून बसवलेला तो बेटा एकच हेका धरून होता, आत काहीतरी अडकलंय.

फिटर म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. ते दर वेळी पंख्याच्या पेटीत शिरायचे, पाती फिरवायचे आणि आतूनच ओरडायचे, "मोकळा आहे रे! एका बोटानं फिरतोय."

शेवटी फोरमन वैतागला. "काढून टाक तो रिले. डोकं उठवलंय त्यानं."

मी रिले सोडवून टेबलावर ठेवला. दाजींनी स्वतः पेटीचं झाकण लावून बोल्ट आवळले आणि ते फडक्यानं हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. पंख्यानं बिनबोभाट वेग घेतला.

तेवढ्यात टेबलावरचा रिले, एकही वायर न जोडलेला, टक् वाजला.

"दाजी, ऐकलंत का?" मी हसत वळलो. शेजारी फक्त त्यांचं फडकं पडलं होतं.

आणि भरधाव फिरणाऱ्या पंख्याच्या आतून दाजी ओरडले, "मोकळा आहे रे! एका बोटानं फिरतोय."