बत्तीस मार्क

मुलगी मामांना घेऊन दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सर गैरहजर मुलांसाठीच्या पेपरचे प्रश्न काढत होते. निदान तसं दाखवत तरी होते. सकाळपासून पेन पहिल्याच प्रश्नावर अडलं होतं.

‘या, बसा,’ ते म्हणाले. समोरच्या दोन्ही खुर्च्यांवर पुस्तकांचे ढीग होते. ते कुठे ठेवावेत हे न सुचल्यामुळे सरांनी स्वतःच्याच खुर्चीवर ठेवले. पाहुणे बसले आणि सर उभे राहिले.

सर अर्थशास्त्र शिकवत. मुलं त्यांना ‘अर्धा मार्क’ म्हणत. तोंडावर नाही, पण सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. स्वल्पविराम चुकला तरी अर्धा मार्क कापणारा माणूस. वाचल्याशिवाय मी कुणाला पाव मार्कही देत नाही, हे ते दर वर्षी पहिल्या तासाला ऐकवत.

आणि समोर बसलेल्या मुलीला त्यांनी न वाचताच बत्तीस मार्क दिले होते.

झालं होतं ते असं. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ते घरी घेऊन गेले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मोजून घ्या. सरांनी तुमच्यावर विश्वास आहे म्हणत सही ठोकली. घरात तेव्हा रंगकाम चाललं होतं आणि सगळं सामान या खोलीतून त्या खोलीत फिरत होतं. पेपर तपासून मार्क भरायला बसले, तर या मुलीच्या नावापुढची जागा रिकामी. गठ्ठा उलटापालटा केला, कपाटं उपसली. मग रंगाऱ्याच्या शिडीखाली निळ्या शाईत लिहिलेले काही कागद दिसले. रंगाने असे लडबडलेले, की एक अक्षर लागत नव्हतं. हाच तिचा पेपर, सरांची खात्री पटली.

खरं तर सरळ ऑफिसात जाऊन सांगायला हवं होतं. पण बाईंचं ते ‘मोजून घ्या’ कानात बसलं होतं आणि सरांचा पाय तिकडे वळेना. मुलीने वर्षभरात एक तास बुडवला नव्हता, पण वर्गात कधी बोललीही नव्हती. हुशार की ढ, काही आठवेना. न वाचता पास करायला हात धजेना. पास व्हायला चाळीस लागत. सरांनी बत्तीस लिहिले आणि स्वतःची समजूत घातली, की अभ्यास करून पुन्हा बसेल, बिघडलं कुठे?

बिघडलं होतं. नियम त्याच वर्षी बदलला होता. अडचणीमुळे पेपर चुकलेल्यांना पुन्हा बसता येई, नापास झालेल्याचं मात्र अख्खं वर्ष जाई. सरांना हे निकाल लागल्यावर कळलं.

तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. बायकोने खोदून विचारलं, तेव्हा पित्त झालंय म्हणून वेळ मारून नेली. नव्या रंगाच्या भिंतींकडे त्यांना बघवत नव्हतं. एका मुलीचं वर्ष आपण आपली अब्रू झाकायला खाल्लं, हे मनातून जात नव्हतं. त्यात मार्कांबद्दल भेटायचंय असा तिचा निरोप आला आणि उरलीसुरली झोपही गेली.

‘वडील नाही आले?’ काहीतरी बोलायचं म्हणून सरांनी विचारलं.

‘भावोजी अजून दवाखान्यातच आहेत,’ मामा म्हणाले. ‘म्हणून मी आलो. तशी ही काय म्हणते ते मलाही नीट कळलेलं नाही. म्हटलं, सरांनाच विचारू.’

बाप दवाखान्यात आणि वर हे. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘सर, ते बत्तीस मार्क माझे नाहीत,’ मुलगी म्हणाली.

नापास झालेला प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि सर हसून पेपर त्याच्या पुढ्यात टाकतात. आज त्यांनी मान खाली घातली.

‘मला तो पेपर बघायचाय,’ ती पुढे म्हणाली. ‘कारण त्या दिवशी मी...’

‘त्याची काही गरज नाही,’ सर घाईने म्हणाले. खरं सांगून टाकावं, असं एकदा अगदी ओठांवर आलं. पण मामा इतक्या आदराने बघत होते, की सरांनी ते परत गिळलं. मग घोकून ठेवलेलं तेवढं बाहेर पडलं.

‘मी तुझा पेपर पुन्हा तपासला. चूक माझीच. शेवटचं पान पाहायचं राहून गेलं होतं. अठ्ठावन्न होतात. ऑफिसात दुरुस्ती करून सहीसुद्धा करून आलोय. प्राचार्यांच्याही कानावर घातलंय.’

मुलीची नजर टेबलाकडे वळली. लाजाळू आहे, सरांना वाटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि अशा वेळी माणूस जरा जास्तच बोलतो.

‘दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर फार सुरेख लिहिलंयस. प्राचार्यांना मी म्हटलं, असं हल्ली वाचायला मिळत नाही.’

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाची टेबलावरच्या त्या अर्धवट लिहिलेल्या पेपराकडे पाहत होती.

‘सर, मला फक्त गैरहजर लावून हवं होतं, म्हणजे पुन्हा बसता आलं असतं,’ ती म्हणाली. ‘त्या सकाळी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी पेपरला आलेच नव्हते.’