लांब शिडी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, भर दुपारी, बालवाडीत एकदम अंधारून आलं. वीज लखलखली, मागोमाग कडाडली, आणि सगळी पोरं बाईंना येऊन बिलगली.

"ढगावर ढग आपटतो, म्हणून आवाज होतो," बाई म्हणाल्या. दरवर्षी त्या हेच सांगत.

घरी त्यांच्या लेकीला मात्र हे कारण चालत नसे. तिचे बाबा दुकानांची शटरं दुरुस्त करत. निम्मा आठवडा कामासाठी परगावी. लेक घाबरली की ते तिला मांडीवर घेत. आभाळात एक म्हातारा दुकानदार आहे, म्हणत. आधी बॅटरी मारून बघतो, गिऱ्हाईक आहे का. कुणी नसलं की धाडकन शटर ओढतो, असं म्हणत ते हात खाली खेचत आणि जिभेनं 'टक्क' करून कुलूप लावत. लेकाचा कंजूष, कधी तेल घालत नाही! "मीच घातलं असतं गं, पण लांब शिडी परगावी राहिलीय." बाई पोळ्या लाटता लाटता ऐकत आणि स्वतःशीच हसत. असा नवरा मिळाला, याचं त्यांना मनातून फार अप्रूप होतं.

"ढग नाही काही!" नवी मुलगी म्हणाली. नर्स आईची बदली झाली म्हणून ती त्याच आठवड्यात आली होती. "तो म्हातारा बॅटरी मारतो. मग शटर ओढतो." तिनं दोन्ही हात वर करून शटर खाली खेचलं, आणि जिभेनं 'टक्क' करून कुलूपही लावलं. अगदी तसंच.

पोरं खिदळली. बाई खाली बसल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. लेकाचा तेलच घालत नाही!"

"मग बाबा का नाही घालत?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना नको होतं.

"कसं घालणार? लांब शिडी त्यांच्या कामाच्या गावी राहिलीय ना!"

पुन्हा कडाडलं. आता एकट्या बाईच दचकल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली. सगळं कळल्यावर नर्सनंही दार उघडलं नाही. तो तिसऱ्याच गावी गेला आणि तिथंच वारला. बाई निवृत्त होईपर्यंत ढगांचंच कारण सांगत राहिल्या. बाबांना घालवलं म्हणून लेक कित्येक वर्षं त्यांच्याशी धड बोलली नाही.

तो गेल्यावर त्याची खोली आवरायला त्याच्या दोघी मुली गेल्या. पाने, हातोडी, तेलाची बुधली निघाली. थोरली, बाईंची लेक, दारामागे, माळ्यावर काहीतरी शोधत राहिली.

"लांब शिडी तुमच्याकडे राहिली का गं?" तिनं शेवटी विचारलं.

"आमच्याकडे?" धाकटी म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे आहे."