दाखवायची माळ

शेत विकलं तिथेच, खरवईत, इमारत उभी राहिली आणि वेणू मुलासोबत सातव्या मजल्यावर राहायला आली. लिफ्ट शिकली, हळू बोलायला शिकली, खिडक्या लावून बोंबील भाजायलाही शिकली. आज बेल वाजली. तिने दार किलकिलं केलं. शेजारीण नाक धरून उभी. "आजी, मजल्यावर मासळीचा वास सुटलाय. तुम्हाला किती त्रास! माळकरी ना तुम्ही?" "कोनी सांगलं?" "सुयोगदादांनी. फ्लॅट घेतानाच कमिटीला सांगितलं. मांसाहारी असते तर इथे फ्लॅट मिळालाच नसता." आत बोंबील खाणारा सुयोग बोटं पुसत आला, "खालून येतोय वास," म्हणाला आणि त्याने दार लावलं. कपाटातून तुळशीची माळ काढली. "आये, घाल. नुसती दाखवायला." "माळ घातली का मासळी जन्माची सुटते रं." "घरात कोण बघतंय?" वेणूने तव्यावरचा शेवटचा बोंबील त्याच्या ताटात वाढला, हात खसखसून धुतले आणि माळ गळ्यात घातली.