पहिल्या पानावरचा ट्रक

"सेन्सेई, तुमची कादंबरी आम्ही छापतोय!" संपादिका मोगामी फोनवर ओरडलीच. पस्तीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या कुरोइवांना आजवर कोणी सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हटलं नव्हतं. आनंदाने त्यांना फोन दोन्ही हातांनी धरावा लागला.

"फक्त एक बदल करा. तुमचा हीरो तापाने मरून दुसऱ्या जगात जातो. ताप कसला घेऊन बसलात! त्याला पहिल्याच पानावर ट्रकखाली येऊ द्या. दुसऱ्या जगाच्या कादंबऱ्यांत सगळे हीरो तसेच जातात, वाचकांना तेच लागतं."

"अहो, शाळकरी पोरगा आहे तो."

"म्हणूनच तर!"

कुरोइवा रोज सकाळी शाळेपुढे ट्रक थांबवत. पोरं हात वर करून रस्ता ओलांडत, पलीकडे पोचली की वळून ट्रकला वाकून नमस्कार करत आणि धूम ठोकत. ते आठवलं मात्र, कुरोइवा ताडकन उठून उभे राहिले.

"लिहून घ्या! ट्रक येतो, पोरगा हात वर करतो, ट्रक थांबतो."

"थांबतो? मग हा जाणार कसा?"

"ऐका तर! पोरगा पलीकडे जाऊन ट्रकला वाकून नमस्कार करतो. मान वर करतो तर रस्ता गायब, शाळा गायब! ट्रकच्या जागी डोंगराएवढा ड्रॅगन!"

"आणि तो पोराच्या अंगावर धावून येतो!" मोगामीला राहवेना.

"छे हो," कुरोइवा म्हणाले, "पस्तीस वर्षांत त्याच्या हातून एकही अपघात झालेला नाही."